जाती मोजायच्या की फांद्या?

दोन डोंगरांवर चार-चार जातींच्या पाली, सामाईक एकही नाही. सोरेन्सन निर्देशांकाने (दोन ठिकाणच्या जातींच्या याद्या किती वेगळ्या हे 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) फरक 1 येतो, म्हणजे शंभर टक्के वेगळेपण. सह्याद्रीतल्या निमास्पिस पालींबाबत असा आकडा सहज मिळतो, कारण त्यांच्या कितीतरी जाती एखाद्या डोंगरापुरत्याच असतात.

आता वंशवृक्ष घ्या. समजा चारही वंश 5 कोटी वर्षांपूर्वी फुटले आणि प्रत्येकातली बहीण-जातींची जोडी (एक या डोंगरावर, एक त्या) 20 लाख वर्षांपूर्वी. मग प्रत्येक डोंगराची फांद्यांची लांबी (दशलक्ष वर्षांत) 4 × 50 = 200, सामाईक 4 × 48 = 192. फायलोसोरचा, म्हणजे जातींऐवजी फांद्यांची लांबी मोजणाऱ्या सोरेन्सनचा, फरक 1 − 192/200, म्हणजे अवघा 0.04! सोरेन्सनला हे दिसतच नाही; त्याच्या लेखी बहीण-जाती आणि दूरचं कुळ सारखंच.

फायलोसोरची मेहनत मात्र जास्त. यादीतली नावं वृक्षातल्या नावांशी अक्षरशः जुळायला हवीत. जुनी समनामं (त्याच जातीची आधीची नावं) राहिली की जाती गुपचूप गळतात. वृक्षात नसलेली जाती प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, बुडाशी चिकटवली, तर जवळच्या नात्यांतला फरक फुगतो. शिवाय जाती बदलल्या की फांद्याही बदलणारच, म्हणून वृक्षाच्या टोकांवरची जातींची नावं 999 वेळा पिसून अपेक्षित फरक काढावा. प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच कमी असेल तर नातलगांनीच जागा घेतली आहे. बराच जास्त असेल तर जुने वंशच बदलले आहेत.

निव्वळ प्रदेशनिष्ठ (एखाद्याच भागात सापडणाऱ्या) जातींसाठी संरक्षित जागा निवडायची असेल तर सोरेन्सन पुरतो. फरक का पडला हे विचारायचं असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.