आधी लॅटिन की आधी जुनी जर्मन?

जर्मनची बी-टू (मध्यम-वरच्या पातळीची) परीक्षा झाली आहे, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मन साहित्यावर संशोधन करायचं मनात आहे आणि हाताशी साधारण वर्षभराचा वेळ आहे. त्या वर्षात त्या काळची जुनी जर्मन वाचायला शिकावं की लॅटिन? पुढेमागे दोन्ही लागणारच. प्रश्न आधी कुठली, एवढाच आहे आणि माझं मत लॅटिनकडे झुकतं. सगळ्यांना ते लागू नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

जुन्या जर्मनची मोठी सोय ही की पहिल्या आठवड्यापासून काहीतरी वाचता येतं. जुन्या जर्मन छपाईची टोकदार फ्राक्टुर अक्षरं थोड्याच दिवसांत डोळ्यांत बसतात. 'उंड'च्या ('आणि'च्या) सुरुवातीला 'यू'ऐवजी 'व्ही', स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ, उम्लाउटच्या (स्वराचा उच्चार बदलणाऱ्या) दोन टिंबांऐवजी स्वरावर इवलासा 'ई', एकाच पानावर एका शब्दाची दोन स्पेलिंगं, या सगळ्याची सवय होते. फसवतात ते ओळखीचे शब्द. 'श्लेख्ट' म्हणजे आज वाईट, तेव्हा बऱ्याचदा साधा, सरळ. 'विट्स' म्हणजे आज विनोद, तेव्हा अक्कल. 'फ्रोम' आज धार्मिक, तेव्हा भला, सचोटीचा. आजची जर्मन चांगली येणाराच इथे जास्त चुकतो, कारण वाक्य लागल्यासारखं वाटतं आणि कोश उघडावासाच वाटत नाही. ग्रिम बंधूंचा कोश आणि खास याच काळातल्या जर्मनचा ग्योटिंगेनचा कोश ऑनलाइन आहेत. दोन्ही पहिल्या दिवसापासून उघडे ठेवा.

लॅटिनला शून्यापासून सुरुवात. सहा-आठ महिने हाती फारसं काही लागत नाही आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. पण शाळेत संस्कृत झालेल्या मराठी मुलांकडे एक भांडवल असतं, त्याची किंमत त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. विभक्तीवरून कर्ता-कर्म ओळखायचं आणि शब्दक्रमाची पर्वा करायची नाही, ही सवय आधीच झालेली असते. लॅटिन वाक्यात पंचमीसारख्या विभक्तीतलं नाम आणि त्याला जुळणारं धातुसाधित अधांतरी उभं दिसलं की इतर विद्यार्थी अडखळतात. आपल्याला ती संस्कृतातली सति सप्तमी ('सूर्य उगवला असता' अशी रचना) वाटते, आणि काम जवळपास तेच असतं. शिवाय त्या काळच्या विद्वानांनी प्राचीन रोमन वक्ता सिसेरोचा कित्ता गिरवलेला, त्यामुळे नेहमीचं शालेय व्याकरण पुरतं.

आता कशाने काय हाती लागतं ते बघू. फक्त जर्मन असेल तर न्यूरेनबर्गचा चांभार-कवी हान्स झाक्स, १५२०च्या दशकातली चोपडी-पत्रकं आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा बायबलच्या नव्या कराराचा १५२२चा अनुवाद आपला होतो. पण चर्चच्या पापमुक्तिपत्रांविरुद्धचे १५१७चे त्याचे ९५ मुद्दे लॅटिनमध्ये आहेत. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६०९चा मंगळाच्या कक्षेवरचा ग्रंथ लॅटिनमध्ये आहे. जर्मनमध्ये कविता लिहायला हवी असं सांगणारं कवी मार्टिन ओपिट्झचं १६१७चं भाषणसुद्धा लॅटिनमध्येच आहे! झेबास्टियान ब्रांटचं 'मूर्खांचं जहाज' हे उपहासकाव्य १४९४ साली बाझेलला जर्मनमध्ये निघालं, पण युरोपभर फिरलं ते १४९७च्या लॅटिन रूपात.

१५२० साली ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एकच पुस्तिका दोन्ही भाषांत काढली. जर्मन पुस्तिका त्स्विकाऊ शहराच्या नगरप्रमुखाला अर्पण केलेली, लॅटिनसोबत पोपला लिहिलेलं पत्र. जर्मनमध्ये ख्रिस्ती माणूस 'फ्रायर हेर' आहे, मुक्त धनी. लॅटिनमध्ये तोच 'लिबेर्रिमुस' आहे, मुक्ततम. पुढच्याच वाक्यात 'सेवा करणारा चाकर' लॅटिनमध्ये 'अत्यंत सेवातत्पर' होतो. लॅटिनच्या शेवटी तर जर्मनमध्ये नसलेला मोठा भाग आहे. एकच बाजू वाचून या पुस्तिकेवर प्रबंध लिहिणं मला पटत नाही.

जर्मन पानं तरी निव्वळ जर्मन कुठे असतात? छापील पानावर लॅटिन मूळ गोल अक्षरात आणि त्याला जोडलेला जर्मन प्रत्यय फ्राक्टुरमध्ये, असा एकच शब्द दोन लिप्यांत दिसतो. ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा अर्ध्या वाक्यात भाषा बदलतात. भाषाअभ्यासक बिर्गिट स्टोल्ट यांनी १९६४ साली याच मिश्रणावर ग्रंथ लिहिला.

भारताशी जोडलेला विषय हवा असेल तरी सुटका नाही. १७०६ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याची मिशनवरची पत्रं मुख्यतः जर्मनमध्ये आहेत, पण १७१६ साली जर्मनीतल्या हाले शहरात छापलेलं त्याचं तमिळ व्याकरण लॅटिनमध्ये. आग्र्याला संस्कृत शिकलेल्या हाइनरिश रोट या जेझुइट पाद्र्याने पुरवलेले देवनागरीचे तक्ते जेझुइट विद्वान किर्शरच्या १६६७च्या लॅटिन ग्रंथात आहेत.

तेव्हा झाक्स, पत्रकं किंवा चेटकिणींवरच्या खटल्यांचे जबाब असा विषय पक्का ठरला असेल, तर जुनी जर्मन आधी घ्या, लॅटिन नंतर गरजेपुरती. विषय ठरायचा असेल, किंवा विद्यापीठं, विज्ञान, पत्रव्यवहार याकडे ओढा असेल, तर लॅटिन आधी. रोज तासभर, सकाळी, सुट्टी न घेता. रविवारी दोन पानं फ्राक्टुर. संस्कृत झालेलं नसेल तर वर्षाऐवजी दीड वर्ष धरा आणि अर्जाची तारीख त्याप्रमाणे ठरवा. अर्जाआधी त्या विद्यापीठाला लॅटिनम हे लॅटिन येत असल्याचं प्रमाणपत्र लागतं का, तेही विचारून घ्या.