आरसिंकची अकरा मिनिटं आणि नंतरचं म्युटाजेन: ७ महिन्यांचा अनुभव

मंगळवारी रात्री आरसिंक (एका मशीनवरच्या फाइली दुसऱ्यावर उतरवणारी कमांड) चालवलं आणि डेव्ह मशीनवरचे, म्हणजे कोड चालवून बघायच्या भाड्याच्या व्हीएमवरचे (आभासी मशीन), सगळे थंबनेल, फोटोंच्या छोट्या प्रती, उडाले. ते व्हीएमवरच तयार व्हायचे, लॅपटॉपवर नव्हतेच. पलीकडचा जुना कचरा काढायला मी त्याच दिवशी स्क्रिप्टमध्ये ‘--डिलीट’ (लॅपटॉपवर नाही ते पलीकडूनही पुसणारं) घातलं होतं, त्याने तेही साफ केले. परत बनवायला ३ तास गेले, आणि मशीन तासाच्या भाड्याची. हा भुर्दंड बसला म्हणून लिहायला बसले.

प्रोजेक्ट जुना, पीएचपीचा. फाइली सव्वादोन लाख, बहुतेक चार-पाच केबीच्या. आधी व्हीएम लॅपटॉपवरच होती, शेअर्ड फोल्डर लावून. एक पान उघडायला ९-१० सेकंद. शिवाय लॅपटॉपवर फाइल सेव्ह केली तरी व्हीएममधल्या वॉचरला (फाइल बदलली का यावर नजर ठेवणारा प्रोग्राम) पत्ता नसे, कारण आयनोटिफायची, म्हणजे लिनक्सची ‘फाइल बदलली’ ही सूचना तिथून पलीकडे पोचत नाही. म्हणून भाड्याची मशीन आणि आरसिंक.

सहा महिने मी आरसिंकला हळू म्हणत होते. दर वेळी ११ मिनिटं. एकही ओळ न बदलता चालवलं तरी ११ मिनिटं! नेटचा आलेख जवळजवळ सपाट, डिस्क मात्र दोन्हीकडे सतत राबतेय. कारण गेल्या महिन्यात सापडलं: स्क्रिप्टमध्ये ‘-आर’ (नुसतं आतल्या फोल्डरांसकट कॉपी) होतं, ‘-ए’ (फाइलची वेळ वगैरेही जपणारं) नव्हतं. नुसत्या ‘-आर’ने फाइलची वेळ पलीकडे जात नाही. आरसिंक आधी फक्त आकार आणि वेळ जुळते का ते बघतं. वेळ कधीच जुळायची नाही, मग प्रत्येक फाइल दोन्हीकडे उघडून तुकड्यातुकड्याने ताडून पाहिली जायची. ‘-ए’ घातल्यावर पहिली फेरी नेहमीइतकीच लांबली, दुसरी ३५ सेकंदांत संपली. दिवसाला पाच-सहा वेळा, सहा महिने, मी त्या ११ मिनिटांचं भाडं भरलं. एका अक्षरापायी. तेव्हा ‘हळू’ हे मत मागे घेते.

थंबनेल गेल्यावर कोडसाठी म्युटाजेन लावलं, दोन्हीकडच्या फाइली सतत जुळत्या ठेवणारं टूल. एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) स्वतःचा एजंट, म्हणजे मदतनीस प्रोग्राम, स्वतःच पलीकडे टाकतं आणि बदलांवर नजर ठेवतं. सेव्ह करून ब्राउझरकडे वळेपर्यंत फाइल पोचलेली असते. पहिल्या दिवशी मी मुद्दाम वीसेक वेळा करून पाहिलं. एकच फाइल दोन्हीकडे बदलली तर ‘टू-वे-सेफ’ या मोडमध्ये कुणाचीच पुसत नाही, कॉन्फ्लिक्ट म्हणून दाखवतं. ते बघायला ‘सिंक लिस्ट’ मात्र आपणच चालवावी लागते. नोड मॉड्यूल्स आणि व्हेंडर (बाहेरच्या लायब्रऱ्यांचे फोल्डर) वगळा, ते व्हीएमवरच इन्स्टॉल होऊ द्या.

फोटोंचा गठ्ठा अजून आरसिंकनेच जातो. थंबनेलचं फोल्डर ‘एक्सक्लूड’मध्ये आहे, त्याला ‘--डिलीट’ हात लावत नाही. तरीही आधी ‘-एन’ (काहीही न बदलता नुसती तालीम) लावून काय काय उडणार ते वाचते, मगच खरं चालवते.