घरीच मढवलेला जुना सोफा आणि खुर्च्या : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

लाकडी सांगाड्याचा तीन जणांचा जुना सोफा, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आणि खणांच्या एका ठेंगण्या कपाटापासून तयार केलेले बाक, एवढे काम आम्ही घरीच केले आणि आता त्या सगळ्याच्या रोजच्या वापराला वर्ष होत आले आहे. काम संपल्याबरोबर काढलेल्या छायाचित्रांवरून फारसे काही कळत नाही, कारण नवे कापड ताणून बसवलेली कोणतीही खुर्ची पहिल्या आठवड्यात देखणीच दिसते. बैठक किती दबली, कापड कुठे झिजले, सांधे पुन्हा कुरकुरू लागले का, हे कळायला महिने जावे लागतात. या महिन्यांत माझे एक मत पक्के झाले आहे : पैसे मोजके असतील तर त्यांचा मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे सांधे, पट्टे आणि फोम यांवर खर्च करावा आणि काटकसर कापडात व सजावटीत करावी. आमच्या खर्चातला जवळपास निम्मा भाग फोमवर गेला आणि तो सर्वांत जास्त सार्थकी लागला.

मुळात कोणती जुनी वस्तू हाती घ्यावी, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. वस्तू उलटी करून पाहावी, दोन्ही हातांनी धरून तिरकी हलवून पाहावी आणि सांगाडा भरीव लाकडाचा आहे की भुशाच्या दाबलेल्या फळीचा, हे तपासावे. भुशाच्या फळीतला स्क्रू एकदा सैल झाला की त्या भोकात तो पुन्हा नीट पकड घेत नाही, म्हणून अशा वस्तूवर चांगला फोम आणि कापड घालणे मला पटत नाही. भरीव लाकडाचे सांधे सैल असले तरी काळजीचे कारण नसते. आमच्या खुर्च्यांचे सांधे पूर्ण मोकळे करून, त्यांतला जुना सरस ओल्या कोमट फडक्याने मऊ करून खरवडून काढला आणि लाकूड कोरडे झाल्यावर लाकूडकामाचा पांढरा गोंद लावून सांधे रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवले. जुन्या सरसाच्या थरावर नवा गोंद धरत नाही, त्यामुळे हे खरवडण्याचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. वर्षभर जेवायला, अभ्यासाला आणि दिवे बदलताना वर चढायलासुद्धा या खुर्च्या वापरल्या गेल्या, तरी एकही सांधा हललेला नाही. लाकडात बारीक भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर मात्र आधी किडीचा बंदोबस्त करावा आणि तोपर्यंत ती वस्तू घरातल्या इतर लाकडापासून दूर ठेवावी.

आता फोमविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. दुकानात फोम हाताने दाबून पाहून निवडण्याची पद्धत आहे, पण दाबल्यावर कळतो तो कडकपणा, घनता नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन, आणि फोम किती काळ आपला आकार धरून राहील हे मुख्यतः त्या आकड्यावर ठरते. कमी घनतेचा फोमही कडक बनवता येतो. तो पहिल्या दिवशी छान वाटतो आणि काही महिन्यांत खड्डा धरतो. सोफ्याच्या बैठकीसाठी आम्ही 40 घनतेचा, पाठीसाठी 28 घनतेचा मऊ फोम घेतला. सांगितलेली घनता खरी आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर तपासता येते. 60 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर जाड तुकड्याचे आकारमान 0.036 घनमीटर होते, म्हणजे 40 घनतेच्या अशा तुकड्याचे वजन 1.4 किलोच्या थोडे वर भरायला हवे. तेच 28 घनतेचे असेल तर जेमतेम एक किलो भरते. आम्हाला 40 म्हणून दिलेला एक तुकडा या हिशेबात बराच हलका निघाला. तो परत करून दुसरा घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडा वजन करूनच स्वीकारला.

फोम खोळीच्या मापापेक्षा चहूबाजूंनी साधारण एक सेंटिमीटर मोठा कापला की खोळ आतून भरून येते आणि कोपरे पोकळ राहत नाहीत. फोमवर पॉलिस्टर तंतूंचा पातळ थर गुंडाळल्याचा फायदा सुरुवातीला जाणवला नव्हता, पण वापरानंतर स्पष्ट दिसतो : ज्या गाद्यांवर तो आहे त्यांचे कापड अजून गुळगुळीत आहे, आणि एका खुर्चीवर तो मुद्दाम घातला नव्हता तिथे कापड फोमवर घासून किंचित सैल पडले आहे. नव्या फोमला वास येतो. खोळीत भरण्यापूर्वी काही दिवस हवेशीर जागेत उघडा ठेवल्यावर तो गेला. जुना फोम मात्र काढतानाच पिवळ्या भुकटीसारखा हातात येतो, म्हणून ते काम मास्क लावून आणि शक्यतो घराबाहेर करावे.

खुर्च्यांच्या बाबतीत एक माप आधी घेणे फार उपयोगी ठरले. टेबलाची उंची बहुधा 75 सेंटिमीटरच्या आसपास आणि खुर्चीच्या बैठकीची 45 च्या आसपास असते, आणि मधले सुमारे 30 सेंटिमीटरचे अंतर मांड्या व हातांच्या सोयीचे असते. चार सेंटिमीटरच्या जुन्या बैठकीऐवजी आठ सेंटिमीटरचा फोम घालण्याचा मोह होतो, पण मग टेबलाखाली पाय अडकतात. आम्ही जाडी तेवढीच ठेवली आणि घनता वाढवली. पाहुणे तासभर बसूनही अवघडत नाहीत.

सोफ्याच्या बैठकीखाली तागाचे पट्टे होते आणि ते खिळ्यांपाशीच तुटले होते, कारण वर्षानुवर्षांचा ताण तिथेच एकवटतो. नवे पट्टे उभे-आडवे एकमेकांत विणून, टोके दुमडून दुहेरी जाडीवर पिना मारून बसवले. पट्टा हाताने ओढून पुरेसा ताणला जात नाही. लाकडाच्या तुकड्याला पट्ट्याचा वेढा देऊन, तो सांगाड्याच्या कडेला टेकवून तरफेसारखा खाली दाबला की पट्टा बोटाने टिचकी मारल्यावर घुमेल इतका ताठ होतो. त्यावर तरट ताणून बसवले, म्हणजे फोम पट्ट्यांमधल्या फटींत उतरत नाही. वर्षभराने बैठक किती खाली गेली हे पाहायला मी सोफ्याच्या पुढच्या कडेवरून मागच्या कडेपर्यंत सरळ काठी ठेवते आणि काठी व तरट यांमधले अंतर मोजते. पहिल्या काही आठवड्यांत मधली जागा सुमारे एक सेंटिमीटर खाली गेली आणि नंतर तिथेच थांबली. ताग सुरुवातीला एवढा सैलावतोच, त्यामुळे त्याची मला चिंता नाही. सोफ्याच्या एका बाजूला प्रयोग म्हणून रबरी ताणाचे पट्टे लावले आहेत. त्यांच्यावर बसायला अधिक सुखद वाटते हे मान्य करावे लागेल, पण तिथली बैठक अजूनही थोडी थोडी खाली जाते आहे, आणि ज्या घरात सोफ्याची एकच जागा सगळ्यांची आवडती असते तिथे मी तागच सुचवीन.

कापडाची निवड करताना रंग आणि नक्षी यांच्याकडे आधी लक्ष जाते, पण वर्षभराच्या वापरात विणीचा फरक रंगापेक्षा मोठा ठरला. फर्निचरच्या कापडाची झीज मोजण्याची मार्टिनडेल नावाची चाचणी आहे. तिच्यात कापड किती वेळा घासल्यावर झिजू लागते ते मोजतात, आणि रोज वापरायच्या घरगुती सोफ्यासाठी साधारण 20,000 ते 25,000 पुरेसे मानले जाते. पडद्याचे कापड कितीही सुरेख दिसले तरी ते बैठकीच्या घर्षणासाठी विणलेले नसते. आम्ही सोफ्यासाठी पॉलिस्टर मिसळलेले, जाड विणीचे, दोन छटांच्या धाग्यांचे कापड घेतले, तर खुर्च्यांसाठी फिक्या रंगाचे जाड सुती कापड घेतले. सोफ्याचे कापड आज जवळपास पहिल्यासारखे आहे. दोन छटांमुळे किरकोळ डाग नजरेत भरत नाहीत, आणि खिडकीतून ऊन येणाऱ्या बाजूचा रंगही टिकला आहे. सुती कापड स्पर्शाला नक्कीच अधिक सुखद आहे, परंतु बैठकीच्या पुढच्या कडेवर, जिथे मांड्या टेकतात, तिथे ते मळकट झाले आहे आणि पिनांनी पक्के बसवलेले असल्यामुळे धुता येत नाही, फक्त पुसता येते. सुती कापडच हवे असेल तर चेन लावून काढता येणारी खोळ शिवावी, आणि कापण्यापूर्वी कापड धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर खोळ फोमवर चढणार नाही.

कडांना पायपिंग केलेल्या गाद्या अतिशय रेखीव दिसतात. मात्र वर्षभराने झिजेची पहिली खूण त्याच पायपिंगवर दिसते, कारण कापड तिथे उंचावर ताणलेले असते आणि सगळे घासणे त्या बारीक रेषेवर येते. म्हणून गाद्यांना दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी खोळ शिवणे आणि त्या अधूनमधून उलट-पालट करणे मला पायपिंगपेक्षा महत्त्वाचे वाटते.

कापड बसवण्याच्या कौशल्याविषयी थोडेसेच सांगते. जुने आवरण फाडून न टाकता उसवून काढले, प्रत्येक तुकड्यावर तो कुठला आहे आणि वरची बाजू कोणती हे लिहून ठेवले, आणि त्यांचेच नमुने ठेवून नवे कापड कापले. पिना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरू कराव्यात, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घ्याव्यात आणि कोपरे शेवटी हाती घ्यावेत. कोपऱ्यावर कापडाचे टोक आधी आतल्या दिशेने सरळ ओढून एका पिनेने अडवावे, मग दोन्ही बाजूंचे उरलेले कापड चापून दोन छोट्या चुण्यांत बसवावे आणि खालचे जादा कापड कापून टाकावे, म्हणजे बैठक चौकटीत बसवताना कोपरा जाड होऊन अडत नाही. हातस्टेपलर खुर्च्यांपुरता ठीक आहे. टणक लाकडावर त्याच्या पिना अर्ध्याच जातात आणि प्रत्येक पीन हातोडीने ठोकावी लागते, म्हणून सोफ्याच्या कामासाठी विजेवरचा स्टेपलर ओळखीत कोणाकडून मागून आणला. तो विकत घेण्याची गरज मला वाटली नाही.

लाकडाच्या पॉलिशचा निकाल संमिश्र आहे. सोफ्याच्या हातांना लाखेचे पॉलिश केले होते, आणि त्याची उबदार झळाळी दुसऱ्या कशालाही येत नाही असे मला आजही वाटते. पण गरम कप ठेवल्यावर त्यावर पांढरे वलय उमटते, घामाने ते चिकट होते आणि अल्कोहोल असलेले सॅनिटायझर लागले तर थेट विरघळते. खुर्च्यांच्या पाठींना दिलेले पॉलियुरेथेनचे वार्निश दिसायला थोडे कोरडे आहे, पण त्यावर ओरखड्यांखेरीज काही नाही. लाखेच्या पॉलिशची जमेची बाजू अशी की बिघडलेल्या भागावर ते पुन्हा लावता येते आणि जुन्या थरात मिसळून जाते; वार्निशला तसे करता येत नाही. जवसाच्या तेलाने लाकूड पुसणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. फडकी एकेकटी पसरून वाळवावीत. तसेच फार जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये.

बाकाची कल्पना या सगळ्यांत सर्वांत स्वस्त होती. खणांच्या कपाटाचे मोडके वरचे खण काढून ती जागा चपलांसाठी मोकळी ठेवली, आणि वरची फळी फोम घालून मढवली. रचना म्हणून ते उत्तम ठरले आहे. मात्र पुसायला सोपे म्हणून त्यावर घातलेले कृत्रिम चामडे ही या संपूर्ण कामातली एकमेव निराशा आहे. जिथे ते फळीच्या कडेवर दुमडले आहे तिथे बारीक भेगा पडल्या असून वरचा थर सुटू लागला आहे. या कापडावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो, आणि दमट हवा, घाम व सततचे वाकणे यांनी तो दुबळा होत जातो. एकदा सुटू लागलेला थर पुन्हा चिकटवून टिकत नाही. त्या फळीवर आता सोफ्याचेच उरलेले कापड चढवणार आहे.

ज्यांना हे काम प्रथमच करायचे आहे त्यांनी खुर्चीच्या उचलून काढता येणाऱ्या बैठकीपासून सुरुवात करावी. चार स्क्रू, एक फळी, फोमचा तुकडा आणि थोडे कापड एवढ्यावर ती होते. सुतळीने बांधलेल्या उंच स्प्रिंगांचा जुना कोच असेल तर तो भाग कारागिराकडून करून घ्यावा आणि उसवणे, पॉलिश व खोळी एवढे घरी करावे, तरीही खर्चात मोठी बचत होते. देखभाल फार लागत नाही : आठवड्यातून एकदा फटींसह सगळीकडून धूळ ओढून घ्यावी, दर काही महिन्यांनी खालचे स्क्रू आवळावेत, आणि कापड घेतानाच अर्धा मीटर जास्त घेऊन ठेवावे, कारण सोफ्याच्या हातांवरचे कापड बाकीच्या आधी बदलावे लागते आणि तोवर त्याच रंगाचे कापड बाजारात मिळेलच असे नाही.