बेल्ट तुटून वाल्व वाकले, आता हेड बनवायचं का दुसरं जुनं इंजिन बसवायचं?

इंजिनातला टायमिंग बेल्ट तुटला की वाल्व उघडे राहतात आणि पिस्टन त्यांच्यावर आदळून ते वाकतात. टोचन करून गाडी गॅरेजला गेली की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "साहेब, वाल्व गेलेत, काय करायचं बोला." तिथून पुढे रस्ते दोनच, एक तर हेड, म्हणजे इंजिनाचा वाल्व बसवलेला वरचा भाग, उतरवून बनवायचं, नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं. मी गेल्या पावसाळ्यात दोन्हीकडे भरपूर पायपीट केली आणि शेवटी हेड बनवलं. मला अजूनही तेच बरोबर वाटतं, पण तुमच्या गाडीचं तसंच असेल असं नाही, म्हणून जे बघितलं ते लिहितोय.

माझी गाडी डिझेल, दीड लिटर, आठ वाल्वचं इंजिन, सेकंडहँड घेतलेली. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना इंजिन एकदम बंद, स्टेअरिंग जड, आणि ब्रेक पहिल्यांदा लागला पण नंतर पेडल दगडासारखं, कारण ब्रेकचा व्हॅक्यूम पंप कॅमवर, म्हणजे याच बेल्टवर फिरून वाल्व उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो आणि कॅम फिरायचाच थांबला होता. तो उतार कसा आहे हे पुण्यात कुणाला सांगायला नको. हँडब्रेक ओढत ओढत कडेला घेतली, एकदा सेल्फ मारून बघितला तर नेहमीपेक्षा हलका, भुर्रकन फिरला, कॉम्प्रेशनच नाही. असा आवाज आला तर परत सेल्फ मारू नका, आणि गियरमध्ये टाकून धक्का तर अजिबात नको, प्रत्येक फेऱ्याला पिस्टन उघड्या वाल्ववर आदळत राहतो.

हेड उतरल्यावर मिस्त्री काकांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. पिस्टनच्या डोक्यावरच्या काळ्या काजळीत चंद्रकोरीसारख्या चकचकीत खुणा, जिथे वाल्व आपटले तिथे. मग एकेक वाल्व काढून काचेवर लोळवला, सरळ असतो तो गुळगुळीत जातो, वाकलेला डुगडुगतो. आठपैकी सहा डुगडुगले. बेल्ट काही जुना नव्हता, आधीच्या मालकाने बदलला होता, पण फक्त बेल्टच. आमच्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तो जुनाच राहिला आणि त्याच्या सीलमधून कूलंट झिरपून बेल्ट भिजत राहिला. म्हणून बेल्ट बदलाल तेव्हा टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि जागेवर धरणाऱ्या पुली) आणि पंप एकत्रच बदला, हे कळकळीने सांगतो.

आता जुन्या इंजिनाची बाजू, कारण ती बाजू आहेच. काम लवकर होतं, दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर, लेथवाल्याच्या मागे फिरणं नाही. वाल्वचं डोकं तुटून सिलेंडरमध्ये पडलं असेल, लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे असतील, तर हेड बनवून काही उपयोग नाही, तिथे मी पण दुसरं इंजिनच बघेन. फक्त ते चालू असताना ऐकायला मिळत नाही, टायरवर ठेवलेलं असतं आणि "एकदम मख्खन आहे" एवढंच सांगतात. इंजेक्टर त्याचेच ठेवले तर त्यांचे कोड स्कॅनर लावून ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) द्यावे लागतात. आणि टायमिंगचा सगळा सेट तरीही नवा टाकावाच लागतो, नाहीतर सहा महिन्यांनी परत तेच.

पण माझं मन ज्याच्यामुळे फिरलं ते वेगळंच आहे. सौदा जवळपास ठरला होता, मी सहज विचारलं की इंजिन नंबरचं काय, तर पार्टवाला म्हणाला, "त्याची काळजी सोडा दादा, तुमचाच नंबर ठोकून देतो." म्हणजे त्या इंजिनाच्या ब्लॉकवरचा (हेडच्या खालचा मुख्य भाग) नंबर घासायचा आणि माझ्या आरसीतला त्याच्यावर पंच करायचा! अहो, हा सरळसरळ गुन्हा आहे. आणि ते इंजिन उद्या चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस माझ्या दारात. रीतीने करायचं तर इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत जाऊन आरसीवर करून घ्यायची, त्याला इंजिनाचं पक्कं बिल लागतं, ते कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद लागतात, विमा कंपनीलाही कळवायचं. पक्कं बिल मागितलं तर तो विषय बदलायला लागला. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथेही कागदाचं नाव काढलं की आवाज बदलायचा. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की री-पासिंगला नंबर तपासतात, गाडी विकताना घेणारा बघतो, अपघाताचा क्लेम लावला तर सर्व्हेअर बघतो. दर वेळी ती धाकधूक मला नको होती. हेडचं काम केलं तर हा प्रश्नच येत नाही कारण नंबर ब्लॉकवर असतो, ब्लॉक तुमचाच राहतो. अगदी जुनं हेड आणून बसवलं तरी आरसीला हात लावावा लागत नाही.

हेडमध्ये त्रास आहे तो वेळेचा. मी आठही वाल्व नवे टाकले, दोन सरळ दिसत होते तरी, शिवाय सीट कटिंग (वाल्व जिथे टेकतो ती कडा कापणं), लॅपिंग (वाल्व त्यावर घासून बसवणं), वाल्व सील, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट. सीट कापली की वाल्व आत बसतो, त्याची दांडी वर येते आणि कॅम आणि वाल्वच्या मधल्या टॅपेटचा गॅप कमी होतो, आमच्यात तो जुळवायला शिम (पातळ चकती) नाही, वेगवेगळ्या जाडीचे टॅपेटच टाकावे लागतात, त्यातले दोन नाना पेठेत सापडेपर्यंत चार दिवस गेले. एकूण १२ दिवस आणि ४६ हजार. जुनं इंजिन बसवून याच्या दीडपट तरी गेलं असतं. काही डिझेल हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं) करायला कंपनीची परवानगीच नसते, तेवढं लेथवर द्यायच्या आधी विचारा. पोर्टमध्ये रॉकेल भरून वाल्वकडून पाझरतंय का ते बघायला लावा. आणि सेल्फ मारायच्या आधी इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून घ्या, काकांनी माझ्यासमोर फिरवलं, कुठेच अडलं नाही तेव्हा मला जरा बरं वाटलं.

तेव्हापासून कोल्हापूर दोनदा आणि पसरणी घाट एकदा झाला. सकाळी अर्ध्या सेल्फला उठते, ओढ पहिल्यासारखी, ॲव्हरेज पण तसंच वाटतं.

फक्त हो म्हणायच्या आधी एक गोष्ट करून घ्या. हेड उतरलेलं असतानाच डायल गेज लावून चारही पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती बाहेर येतात ते मोजायला सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे. माझे चारही सारखे आले. एक जरी खाली राहिला असता तर कनेक्टिंग रॉड वाकलाय असं समजून मी पण पक्क्या बिलाचं इंजिन शोधायला बाहेर पडलो असतो.