ओपिनेल घ्यावा की डूक-डूक?

दोन्ही चाकू फ्रान्सचे, दोन्ही घडीचे, दोन्ही कष्टकऱ्याच्या खिशाला परवडतील असे. भाचा ल्योनला शिकायला होता. परतताना "मामा, काय आणू?" म्हणून त्याचा फोन आला, तेव्हा चॉकलेटं राहू दे म्हटलं आणि ही दोन नावं सांगितली. दोन्ही मिळून पन्नास युरोच्या आत पडले. त्याला आता तीन पावसाळे झाले. आमची संत्र्याची बाग वरूड तालुक्यात आहे. ठिबकची नळी कापण्यापासून खताच्या गोणीची शिवण उसवण्यापर्यंत दिवसातून वीसदा चाकू खिशातून बाहेर येतो, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो आहे. तरी हा एका माणसाचा अनुभव, तेवढंच त्याचं वजन धरा.

आठवडी बाजारातला घडीचा चाकू या तुलनेत घेतलेला नाही. त्याचं रिपीट, म्हणजे पातं मुठीला धरणारा खिळा, ही नुसती ठोकलेली मऊ तार असते, महिन्याभरात पातं डुलायला लागतं. लोहार चहाच्या पैशात ठोकून देतो आणि पुढचा महिना निघतो. महिन्याला एक चाकू बांधावर विसरून येणाऱ्याने मात्र तोच घ्यावा.

ओपिनेल पहिल्यांदा हातात घेतला की माणूस खूश होतो. 1890 पासूनची घडण आहे ही. बीचच्या लाकडाची गोल मूठ मुठीत अशी बसते की तासभर सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या काड्या, काढली तरी तळहाताला फोड नाही. पातं बारीक, धार भराभर लागते. 1955 साली त्यांनी गळ्याशी फिरणारं कडं बसवलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं बोटावर मिटत नाही. सफाई बघाल तर पातं मुठीच्या फटीत अगदी मधोमध बसतं, कुठे घासत नाही. डोळे बांधायला, म्हणजे संत्र्याचं कलम करायला, जंबेरीच्या खुंटाच्या सालीवर टी आकाराची चीर द्यायची असते, ती या पात्याने इतकी स्वच्छ पडते की शेंदुरजना घाटच्या नर्सरीवाल्या दोस्ताने चाकू दोनदा मागून नेला. दुसऱ्यांदा परत आणायला मलाच जावं लागलं.

डूक-डूकचं रूप याच्या उलट. 1929 पासून निघतो. पत्रा दुमडून केलेली मूठ, त्यावर दक्षिण प्रशांताच्या बेटांवरचा कुठलासा देव कोरलेला, मागे दोरी ओवायला कडी. पाहताक्षणी वाटतं, याचे पैसे कशाचे घेतले? आमच्या गड्याने नाव ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, हा डुकराचा चाकू कुठून आणला जी?" रानडुकरांनी त्याच आठवड्यात मका लोळवला होता, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. पत्र्याच्या कडा किंचित धारदार होत्या, त्या कानशीने मारून घेतल्या. पात्याला कुलूप नाही, नुसत्या पट्टीच्या ताणावर उघडं राहतं. ती पट्टीही अशी कडक की पहिल्याच आठवड्यात अंगठ्याचं नख मोडलं. महिनाभर तो खुंटीवरच होता.

मग ऑगस्ट आला.

संत्रावाल्यांना सांगायला नको, पण पावसाची झड लागली की खोडावर डिंक्या, म्हणजे साल सडून डिंक गळण्याचा रोग, दिसायला लागतो. सडकी साल चाकूने खरवडून काढायची, निरोगी सालीपर्यंत जायचं आणि लगेच बोर्डो मलम लावायचं : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डाव्या हातात मलमाचा डबा, उजव्या हाताची बोटं डिंकाने चिकट, वरून पाऊस. खिशातून ओपिनेल काढला, खाचेत नख घातलं, ओढलं. पातं हललंच नाही. ओल पिऊन लाकूड फुगलं होतं आणि त्याने पातं दोन्ही बाजूंनी आवळून धरलं होतं. तिकडच्या लोकांचा यावर एक तोडगा आहे : मुठीचं बूड दगडावर आपटायचं, म्हणजे पात्याचं टोक थोडं वर येतं. चार वेळा आपटलं, पाचव्यांदा टोक दिसलं. ते चिमटीत धरून ओढलं, तर आधी काहीच नाही आणि मग एकदम सुटलं. तर्जनीवरची खूण अजून आहे. गडी विळा घेऊन उभा होता. "काहून नाई उघडून रायला थो?" त्याला काय सांगणार, की फ्रान्सचा आहे म्हणून?

उपाय केले. जवस तर आपल्याकडचंच, घाणीवरचं तेल आणून मुठीचं तोंड रात्रभर त्यात बुडवून ठेवलं, आठवडाभर वाळू दिलं. आतल्या फटीला पॉलिश पेपर मारला. फरक पडला, नाही असं नाही. साध्या पावसात आता उघडतो, चार दिवसांची झड लागली की पुन्हा तेच. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर गेला की तेच लाकूड आकसतं. मग पातं इतकं सैल होतं की नुसत्या झटक्याने बाहेर यावं. कोरड्या-दमट हवेत बीच हलणारच, यात कारखान्याचा दोष नाही. पण आपल्याकडे एकाच वर्षात दोन्ही टोकं येतात. कुणी सांगेल, स्टेनलेसचा घ्या. पोलाद बदलून गंज थांबेल, फुगते ती मूठ, आणि ती तीच. प्लास्टिकच्या मुठीचाही निघतो, तो मी वापरलेला नाही.

त्या दिवशी खुंटीवरचा डुकराचा चाकू काढला. कडक होता, पण जूनमध्ये होता तेवढाच कडक. त्याचा त्रास बारा महिने सारखा, आणि सारख्या त्रासाची अंगठ्याला सवय होते. चिखल गेला तर बादलीत खळबळायचा, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. रिपीट जरा ढिलं झालं तेव्हा ऐरणीवर दोन टोले दिले. ओपिनेलच्या लाकडावर ते करून बघू नका.

त्याचं सगळंच गोड आहे असं नाही. मे महिन्यात बांधावर विसरला तर पत्रा हातात धरवत नाही. जोर लावून टोचायचं काम असेल तर कुलूप नसल्याची भीती वाटते आणि वाटायलाच हवी. पातं टोकाकडे रुंद, डोळे बांधायला अजिबात चांगलं नाही. संत्र्याच्या रसाने दोन दिवसांत काळं पडतं. काळं पडणं हा गंज नव्हे, पण पावसाळ्यात पुसून ठेवला नाही तर गंजही येतोच. एक फायदा मात्र दोन्ही साध्या पोलादाच्या पात्यांचा : बोर्डोत पातं क्षणभर बुडवायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. स्टेनलेसवर हा भरवसा नाही.

तेव्हा तुमचं काम घरात, दुकानात किंवा नर्सरीच्या शेडमध्ये असेल तर ओपिनेलच घ्या, हातात धरायला त्याच्यासारखा नाही. पावसात उभं राहून चाकू उघडावा लागत असेल, तर निदान माझा कल कळला असेलच. माझा ओपिनेल आता स्वयंपाकघरात असतो. फ्रीजवर, कोरडा. बायको त्याने पेरू कापते आणि मागितला तर देत नाही.