बीटल मागून खाली बसवायची आहे: अ‍ॅडजस्टेबल स्प्रिंग प्लेट घ्यावी का?

जुनी फोक्सवॅगन बीटल मागून खाली बसवायची म्हटली, की पहिला सल्ला मिळतो तो अ‍ॅडजस्टेबल स्प्रिंग प्लेटची, म्हणजे मागचे चाक त्याच्या स्प्रिंगशी जोडणाऱ्या आणि उंची बदलता येणाऱ्या पट्टीची, जोडी मागवण्याचा. वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. पण गाडी खाली आणण्याचे काम मूळ प्लेटही करते, आणि त्यासाठी एकही नवा मोठा भाग लागत नाही. या जोडीची खरी किंमत वसूल होते ती पुढच्या कामात: डावी-उजवी उंची सारखी करायला आणि हव्या त्या मिलिमीटरवर गाडी आणून थांबवायला. हे ध्यानात ठेवून पैसे खर्च केले तर समाधान मिळते. नाहीतर जड पेटी घरी येते, कस्टम भरून होते आणि काम मात्र तेवढेच करावे लागते, कारण ही प्लेट बसवायलाही टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) उघडावा लागतोच.

इथे विचार केला आहे तो स्विंग अ‍ॅक्सलच्या बीटलचा, म्हणजे जिचा मागचा अ‍ॅक्सल आपल्या ट्यूबसह गिअरबॉक्सपाशी सांध्यावर वर-खाली झुलतो त्या गाडीचा. या गाडीला मागे ना कमानपाटे, ना कॉइल स्प्रिंग. मागच्या सीटखालच्या भागात गाडीच्या रुंदीभर एक आडवा पाइप आहे. त्यात दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी टॉर्शन बार असतो. बारचे आतले टोक मधोमध पक्के बसते, बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट बसते आणि ती मागे जाऊन चाकाच्या बेअरिंग हाउसिंगला धरते. चाक वर गेले की बार पिळला जातो, एवढीच ती स्प्रिंग. बारच्या आतल्या टोकाला 40 दाते आहेत आणि बाहेरच्या टोकाला 44. ही असमान संख्या मुद्दाम ठेवलेली आहे आणि सगळी गंमत तिच्यातच आहे.

आतला एक दात सरकवला की 9 अंश फरक पडतो, बाहेरचा एक दात सरकवला की 8 अंश 10 मिनिटे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). आत एक दात एका दिशेला आणि बाहेर एक दात उलट दिशेला फिरवला, तर उरतो फक्त 50 मिनिटांचा फरक. प्लेटची लांबी सुमारे 400 मिलिमीटर धरली, तर नुसता बाहेरचा एक दात म्हणजे चाकापाशी साधारण 57 मिलिमीटर आणि 50 मिनिटे म्हणजे जेमतेम 6 मिलिमीटर. म्हणजे कारखान्याने दिलेल्या भागांतच 6 मिलिमीटरच्या पायरीने उंची बदलण्याची सोय आहे. 50 मिलिमीटर खाली हवी असेल तर आतून एक दात वर, बाहेरून दोन दात खाली: 16 अंश 20 मिनिटांतून 9 गेले, राहिले 7 अंश 20 मिनिटे. 40 मिलिमीटरसाठी आतून तीन वर, बाहेरून चार खाली. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. ‘एक दात खाली घेऊ’ असे म्हणून सुरुवात करणाऱ्यांची गाडी जवळजवळ सव्वादोन इंच खाली जाते आणि मग टायर मडगार्डला घासतो.

आता जोडीकडे. अ‍ॅडजस्टेबल प्लेट दोन तुकड्यांची असते. एका तुकड्यात 44 दात्यांचे भोक, दुसरा तुकडा चाकाकडचा. दोघांमध्ये एक खीळबोल्ट, एक लांबट खाच आणि उंची ठरवणारा स्क्रू. लॉक बोल्ट ढिले करून स्क्रू फिरवला की चाकाकडचा तुकडा वर-खाली होतो. जुन्या गाड्यांत एका बाजूचा बार दुसऱ्यापेक्षा जास्त थकलेला असतो, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूचा. मूळ दात्यांवर तो फरक 6 मिलिमीटरच्या पायरीनेच कमी करता येतो. स्क्रूवर तो शून्यावर आणता येतो. उंची दोनतीनदा बदलून पाहायची असेल तरी प्रत्येक वेळी टॉर्शन बार उघडावा लागत नाही. हे दोन गुण निर्विवाद आहेत.

उणिवाही तितक्याच खऱ्या. मूळ प्लेट पातळ पोलादाची आहे, कारण स्विंग अ‍ॅक्सलचे चाक वर-खाली होताना कललेही जाते आणि तो पीळ प्लेटला सोसावा लागतो. दुहेरी जाड प्लेट तेवढी पिळत नाही, मग तो ताण टोकाच्या रबरी बुशवर येतो. स्वस्त जोड्यांमध्ये दात्यांचे कटाई काम खडबडीत असते. पेटी उघडल्यावर पहिली गोष्ट करायची ती ही: प्लेट बारच्या टोकावर नुसत्या हाताने सरकवून पाहायची. सरकली पाहिजे, आणि सरकल्यावर डुलता कामा नये. हातोडा लागत असेल तर ती प्लेट परत पाठवावी. शिवाय स्विंग अ‍ॅक्सलची प्लेट आणि नंतरच्या चार सांध्यांच्या शाफ्टवाल्या गाडीची प्लेट वेगळी असते, बुशचे मापही सालाप्रमाणे बदलते. ऑर्डर देताना गाडीचे साल आणि अ‍ॅक्सलचा प्रकार दोन्ही कळवावे. बुश जोडीबरोबर येतातच असे नाही. ते विचारून घ्यावे आणि नवेच घालावे.

बसवण्याचे काम एका बाजूला अर्धा दिवस धरावे. गाडी आडव्या पाइपखाली दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घ्यायची, चाके काढायची, हँडब्रेक सोडायचा. प्लेट आणि बेअरिंग हाउसिंग जिथे भेटतात तिथे छिन्नीने बारीक खूण करायची. तिथली भोके लांबट आहेत, खूण चुकली की मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडतो. मग शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि हाउसिंगचे बोल्ट काढून अ‍ॅक्सल ट्यूब मागे सरकवायची. ब्रेकचा पाइप उघडावा लागत नाही, पण तो ताणला जात नाही ना, हे पाहत राहायचे. बार बाहेर ओढायचा असेल तर मागच्या मडगार्डचे पुढचे बोल्ट ढिले करून मडगार्ड थोडा बाजूला घ्यावा लागतो.

इथून पुढचा भाग धोक्याचा आहे. चाक लटकलेले असले तरी बार मोकळा नसतो. प्लेट पाइपच्या टोकावरच्या ओठावर टेकून ताणात उभी असते, आणि त्या ओठावरून सुटली की सपकन खाली येते. बोटे मध्ये असतील तर तुटतात. म्हणून कव्हरच्या चार बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन काढून त्यांच्या जागी त्याच आट्याचे पण लांब बोल्ट घालायचे, मगच उरलेले दोन काढायचे. प्लेटच्या टोकाखाली जॅक लावून तिला किंचित उचलायचे, लांब बोल्ट सैल करत प्लेट ओठाबाहेर घ्यायची आणि जॅक सावकाश सोडायचा. प्लेट जिथे स्थिरावते तो बिनभाराचा कोन. तो कोनमापकाने मोजून लिहून ठेवायचा. मोजताना गाडीचा उंबरठा हा आधार धरायचा, गॅरेजची फरशी नव्हे. दोन्ही बाजू मोजा. जुन्या गाडीत दोन बाजूंत एखाद्या अंशाचा फरक निघाला तर घाबरू नका, पण नवा कोन ठरवताना तो धरा.

बार काढताना ओरखडा पडू देऊ नये. हा पोलादाचा दांडा आयुष्यभर पिळला जातो. रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. उडालेला रंग पुन्हा लावावा, दात्यांना ग्रीस द्यावे. डावा आणि उजवा बार अदलाबदल करायचे नाहीत, टोकावर खूण असते. रबरी बुशला मात्र ग्रीस अजिबात नको: रबर फुगते. टाल्कम पावडर चोळायची, आणि बुशवर ‘ओबेन’ असा जर्मन शब्द असेल तर ती बाजू वर. युरेथेनचे बुश घेतले तर उलटे, त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतेच, नाहीतर पहिल्या पावसानंतर करकरतात.

परत चढवताना प्लेटचे टोक ओठाच्या वर उचलावे लागते. ट्रॉली जॅकने उचलायला गेलात तर प्लेट न उचलता गाडीच घोडीवरून उचलली जाऊ शकते. जॅक आणि शॉकॲब्सॉर्बरचा वरचा आधार जाड साखळीने एकत्र बांधला की हे टळते. मग लांब बोल्ट आळीपाळीने आवळत कव्हर आत ओढायचे आणि शेवटी मूळ बोल्ट घालायचे. अ‍ॅडजस्टेबल प्लेट असेल तर या टप्प्यावर स्क्रू मधोमध ठेवा आणि ठरवलेली उंची दात्यांवरच साधा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहतो. स्क्रू एका टोकाला ठेवून बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिची दुरुस्ती म्हणजे सगळे पुन्हा उघडणे.

उंची लगेच मोजू नये. जॅकवरून उतरलेल्या स्विंग अ‍ॅक्सलची चाके खालून आत ओढलेली असतात. गाडी काही शे मीटर चालवून आणली की ती आपल्या जागी येतात. अ‍ॅक्सलच्या रबरी बुटांचे क्लिपही गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. लटकत्या अ‍ॅक्सलवर आवळलेला बूट पीळ खाऊन शिवणीपाशी फाटतो, आणि गिअर ऑइल गळू लागते.

खाली बसलेल्या गाडीत काय बदलते? स्प्रिंग कडक होत नाही. बार तोच, दाते फिरवल्याने त्याची ताकद वाढत नाही. कमी होते ते चाकाला वर जायला उरलेले अंतर. म्हणून बंप रबर (चाक फार वर गेले की टेकायचा रबरी ठोकळा) लवकर लागतो. रबर काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नये, कमी उंचीचा बसवावा. दीड इंचाच्या पुढे गेलात तर शॉकॲब्सॉर्बरही आखूड लागतो. मूळचा पूर्ण दाबला गेला तर धक्का आतल्या झडपेवर जातो आणि तो काही महिन्यांतच गळू लागतो. 1967 पासूनच्या स्विंग अ‍ॅक्सल गाड्यांत दोन्ही चाके एकदम दबली की मदतीला येणारा इक्वलायझर बार असतो. गाडी खाली बसवल्यावर तो वेळेआधीच भार घेतो, त्याच्या दांड्या नव्याने जुळवाव्या लागतात. याच सालापासून अ‍ॅक्सल लांब झाला, त्यामुळे 165 चा टायर मडगार्डच्या कडेला आधीच्या गाड्यांपेक्षा लवकर भिडतो.

चाकांचा कल हा सगळ्यात मोठा बदल. दर इंचामागे चाकाचा वरचा भाग आत झुकत जातो, साधारण दोन-अडीच अंश. थोडा कल या गाडीला मानवतो: वळणावर बाहेरचे चाक पोटाखाली दुमडण्याची स्विंग अ‍ॅक्सलची जुनी खोड त्याने खूप कमी होते, आणि इंचभर खाली बसलेली बीटल घाटात खरोखर जास्त स्थिर वाटते. पण दोन इंचांवर टायरची आतली कड झपाट्याने झिजते. हा कल अलाइनमेंटवाल्याला काढता येत नाही, कारण चाक अ‍ॅक्सल ट्यूबशी काटकोनात पक्के आहे. त्याच्याकडून फक्त टो जुळवून घ्यावा. हेडलाइटही नव्याने खाली वळवावे लागतात.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी किती? बीटलची जमिनीपासूनची उंची सुमारे 150 मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 100 मिलिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गल्लीतले गतिरोधक त्याहून उभे आणि अरुंद असतात, आणि या गाडीचे इंजिन, एक्झॉस्ट नि ऑइलची प्लेट सगळे मागेच. 50 मिलिमीटर खाली म्हणजे मागे काहीच शिल्लक राहत नाही. आमचे मत 25 ते 40 मिलिमीटर, त्यापुढे नाही.

कागदपत्रांची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतले बदल रोखते. 2021 च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाडीच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा असे आहे. ‘व्हीए’ या व्हिंटेज क्रमांकाचा विचार असेल तर मूळ प्लेटवर दाते फिरवणे हाच मार्ग बरा, कारण गाडीत परका भाग एकही येत नाही आणि सगळे जसेच्या तसे परत करता येते.

तेव्हा इंच-दीड इंच खाली हवी आणि दोन्ही बाजू मुळात सारख्या असतील तर नवे बुश घ्या, मूळ प्लेट ठेवा. एक बाजू बसलेली असेल किंवा उंची पुन्हा पुन्हा बदलायची असेल तर जोडी घ्या, पण काढलेल्या मूळ प्लेटना तेल लावून, डावी-उजवी लिहून जपून ठेवा. जोडी बसवल्यावर पहिल्या 200 किलोमीटरनंतर लॉक बोल्ट पुन्हा आवळा आणि स्क्रूवर रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ सरकली, तर प्लेट सरकली.