घबराटीच्या गोळ्या व्हिडिओ कॉलवरून: 9 महिन्यांनंतर

आमच्याकडे कोणी जरा विचित्र वागलं की 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं' असं सहज म्हणतात. म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. लहानपणापासून हे ऐकत मोठी झाले, त्यामुळे मनाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवायलाच मला तीन वर्षं लागली. चिपळूणहून रत्नागिरी 90 किलोमीटर. अडचण त्या अंतराची नव्हतीच. तिथे बाकावर बसलेलं आपल्याला कोण पाहील, ही होती.

मूळ दुखणं 22 जुलै 2021 चं. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमचं दुकान गेलं, आम्ही पोटमाळ्यावर बसून राहिलो. माणसं वाचली. पण पुढे रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की माझा जीव खालीवर व्हायचा. तीन वाजता उठून खिडकीतून गटाराचं पाणी बघायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा उठायचं. मग पाऊस नसतानाही सुरू झालं: वर्गात फळ्यासमोर हातपाय गार, छातीत धडधड. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला. ॲसिडिटीची गोळी आणि 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला मिळाला. टेन्शन मी घेत नव्हते, ते आपणहून येत होतं.

गेल्या ऑक्टोबरात पहिला ऑनलाइन प्रयत्न केला तो जाहिरात बघून. नाव सांगत नाही. काही मिनिटांत डॉक्टर, घरबसल्या औषध, पहिली भेट स्वस्तात. पैसे भरले आणि एक प्रश्नावली आली. चिंता मोजायचे जे सात प्रश्न असतात ना, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 21, तेच. मराठी निवडलं तर एका प्रश्नात 'काठावर असल्यासारखे वाटणे' असं काहीतरी होतं, इंग्रजीतल्या 'ऑन एज'चं, म्हणजे सतत ताणात असण्याचं, शब्दशः भाषांतर. नदीकाठी राहणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे कमालच. मी 3 गुण दिले. एकूण झाले 16.

कॉल साडेसहा मिनिटांचा. डॉक्टरांचा कॅमेरा बंद, माझा चालू. झोप किती, भूक किती, किती दिवसांपासून, बस. चिठ्ठी लगेच मोबाइलवर आली: चिंतेसाठी रोज घ्यायची एसिटॅलोप्राम 10 मिलिग्रॅम आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. मला तेव्हा ही नावं कोणत्या गावची तेही माहीत नव्हतं. उलट इतक्या झटपट सुटलो म्हणून बरं वाटलं.

आता खरी पंचाईत. डॉक्टर ऑनलाइन असले तरी गोळ्या आणायच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधूनच, आणि त्या मेडिकलवाल्या दादांची मुलगी माझ्या वर्गात. दोन दिवस चिठ्ठी तशीच ठेवली. शेवटी दुपारी गिऱ्हाईक नसताना गेले. त्यांनी मोबाइलवर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ही दुसरी गोळी दम्याला चालत नाही. दम्याचं सांगितलं होतंत ना डॉक्टरांना?" मी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. दर थंडीत माझा पंप याच दुकानातून जातो, म्हणून दादांना माहीत. ज्या माणसाला कळू नये म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, त्याला माहीत होतं म्हणूनच वाचले. दोन्ही गोळ्या न घेता परत आले. त्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

दुसऱ्या डॉक्टर पुण्याच्या, भाचीने सुचवलेल्या. पहिली भेट 1,200 रुपये, पुढच्या प्रत्येकी 700. सुरुवातीलाच बाईंनी विचारलं, "खोलीत आणखी कोण आहे?" मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसले होते. हसल्या, म्हणाल्या, चालेल. मग 50 मिनिटं. दमा, थायरॉईड, पाळी, घरात कोणाला असा त्रास, आधीची सगळी औषधं, दारू, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, आणि झोप न होताही कधी अतोनात उत्साह वाटला होता का. हा शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. त्यांनी सांगितलं की कोणाला आधी तसे झटके येऊन गेले असतील तर ह्या गोळ्या उलटू शकतात. यजमानांचा नंबर आणि घरचा पूर्ण पत्ता लिहून घेतला. जिवाच्या बाबतीत कधी काही वाटलं तर माझ्या मेसेजची वाट बघायची नाही, थेट जवळच्या दवाखान्यात जायचं, हे आम्हा दोघांनाही फोनवर बजावलं. थायरॉईड आणि रक्ताच्या तपासण्या करून आणायला लावल्या, आणि रिपोर्ट बघितल्यावरच चिठ्ठी दिली. तीच एसिटॅलोप्राम, पण 5 मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्याने 10.

खाली आल्यावर सासूबाईंनी विचारलं, इतका वेळ कोणाशी बोलत होतीस. म्हटलं, ऑनलाइन ट्रेनिंग होतं. शिक्षकांना आजकाल इतकी ट्रेनिंगं असतात की कोणाला संशय येत नाही.

त्या भेटीत मी एक मागणी केली होती. शेजारच्या काकू अल्प्राझोलाम घेतात, अर्ध्या तासात शांत वाटतं म्हणतात, ती द्या ना. बाई स्पष्ट नाही म्हणाल्या. मार्च 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांच्या, नियमांत औषधांच्या याद्या आहेत: काही पहिल्या व्हिडिओ भेटीत लिहिता येतात, काही प्रत्यक्ष तपासल्यानंतरच पुढे चालू ठेवता येतात, आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातल्या गोळ्या ऑनलाइन लिहायच्याच नाहीत. ती गोळी त्यांतली. शिवाय सवय लागते. दुकानदारालाही तिची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते, हे मला नंतर दादांकडून कळलं. तेव्हा मात्र मनात आलं, 1,200 रुपये देऊन नकार विकत घेतला. आज विचाराल तर त्या 50 मिनिटांतली सगळ्यात कामाची गोष्ट तो नकारच होता. कोणी तुम्हाला व्हिडिओवर अशी गोळी सहज लिहून देत असेल तर चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का बघा, आणि तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा.

पहिले दोन आठवडे वाईट गेले, हे कोणी नीट सांगत नाही. मळमळ, घाम, आणि जांभया. आठवीच्या वर्गाला समीकरणं शिकवताना मी लागोपाठ जांभया देत होते, मुलांना वाटलं मॅडमनाही कंटाळा आला. पाचव्या दिवशी तर घबराट आधीपेक्षा वाढली. रात्री मेसेज टाकला, 'थांबवू का?' उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं, सहायकाकडून, 'चालू ठेवा, मॅडम फोन करतील.' फोन आला, नीट समजावलंही, पण मधली रात्र माझी मला काढावी लागली. त्या रात्री 14416 वर फोन केला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. पलीकडची मुलगी शुद्ध मराठीत बोलली, औषधाबद्दल काही ठरवणार नाही म्हणाली, पण वीस मिनिटं फोनवर थांबली. फुकट. हे काम खरं तर मी पैसे भरलेल्या ठिकाणी व्हायला हवं होतं.

फरक चौथ्या आठवड्यात कळला, तोही मला नाही, यजमानांना. "तू काल रात्री खिडकीत गेली नाहीस," म्हणाले.

डिसेंबरात बाईंनी एकदा समोर बोलावलं. कुंभार्ली घाट चढून एसटीने पुण्याला गेले, आणि व्हिडिओत काय दिसत नाही ते तिथे समजलं. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, "तुमचा पाय सारखा हलतोय, नेहमी हलतो का?" तीन कॉलमध्ये त्यांना मी गळ्यापर्यंतच दिसले होते. चेहऱ्यावर शांत दिसायची मला सवय आहे, वर्गात 60 मुलांसमोर उभं राहून लागलेली. वजन, बीपी बघितलं, आणि नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही म्हणून एका मानसशास्त्रज्ञाकडे सहा बैठका घ्यायला सांगितल्या. त्याही व्हिडिओवरच झाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पावसाचा आवाज मोबाइलवर मुद्दाम लावून बसायचा गृहपाठ त्या बैठकांतला. सासूबाई म्हणाल्या, भर जानेवारीत हे काय ऐकतेस?

पैशांचं थोडक्यात: डॉक्टर, समुपदेशन, तपासण्या धरून 9 महिन्यांत अकरा-साडेअकरा हजार गेले. विम्यातून एक रुपया नाही. कायद्याने मानसिक आजाराला विमा आहे, पण आमच्या पॉलिसीत दाखल न होता घेतलेले उपचार येतच नाहीत, मग ते मनाचे असोत की गुडघ्याचे. गोळ्या जनऔषधीत निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, मी तिथूनच घेते. नाहीत तेव्हा दादांकडून.

एक चूक मात्र माझी. मार्चमध्ये एका ॲपवरून गोळ्या घरपोच मागवल्या, दोन दिवसांत देणार होते, सहाव्या दिवशी आल्या. मध्ये तीन दिवस गोळी नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, चक्कर, चिडचिड. दुखणं परत आलं असंच वाटलं. बाई म्हणाल्या, ते गोळी एकदम तुटल्यामुळे. ह्या गोळ्या संपायच्या आत आणायच्या, आणि थांबवायच्या तर हळूहळू कमी करत. तेव्हापासून दादा दोन पट्ट्या बाजूला ठेवतात. न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, जसं बाकीचं काही गुंडाळतात तसं.

आणि शेवटचा दोष, जो कोणाच्याच हातात नाही. जूनमधली भेट संध्याकाळी होती. सहाला पाऊस सुरू झाला, वीज गेली, नेटवर्क गेलं. ज्या पावसाची भीती त्यानेच डॉक्टर तोडले. दोनदा चित्र गोठलं, शेवटी साध्या फोनवर बोललो. पुढच्या भेटींना तेवढं चालतं. बाईंना मागे पाऊस ऐकू येत होता. "काय होतंय आत्ता?" त्यांनी विचारलं. धडधडतंय, पण बसलेय, म्हटलं. त्या सात प्रश्नांचे गुण आता 6 आहेत. काठावरच्या प्रश्नाला मी अजून 2 देते.

मी आता बरी आहे तर गोळी बंद करायची का, हे गेल्या आठवड्यात विचारलं. पावसाळ्यात नाही, असं उत्तर आलं. नोव्हेंबरात 5 मिलिग्रॅमवर आणून बघू. ती भेट मात्र मी समोरासमोर मागून घेतली आहे, घाट उतरायला-चढायला लागला तरी.